निल्दाची शीळ

ऑक्टोबरात पर्यटकांचा उन्हाळी हंगाम लागला की पुएर्तो नातालेस गावातलं निल्दा बारिएन्तोसचं घर नुसतं बूट काढायची जागा होऊन जायचं. पहाटे साडेपाचला व्हॅन काढायची, हॉटेलांच्या दारातून झोपाळलेले पर्यटक गोळा करायचे, दोन तासांवरच्या राष्ट्रीय पार्कात डोंगराच्या पायथ्याशी सोडायचे. ते चढून-उतरून येईपर्यंत आठ-नऊ तास तिथंच थांबायचं आणि संध्याकाळी चिखलाने बरबटलेली तीच माणसं परत आणायची. असं थेट एप्रिलपर्यंत.

निल्दा शेहेचाळीस वर्षांची, अंगाने काटक. गाडी हाकायला तिला आवडायचंच. पण दोन हिवाळ्यांपूर्वी तिने मेंढ्या वळणाऱ्या जातीचं एक पिल्लू आणलं, त्याचं नाव चिल्को ठेवलं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जानेवारीत गावाबाहेरच्या कुरणावर मेंढपाळांचा मेळा भरतो. तिथं कुत्र्यांची चढाओढ असते: आपण खुंटाशी उभं राहायचं आणि नुसत्या शिळेवर कुत्र्याकडून पाच मेंढ्या आणवून कोंडवाड्यात घालायच्या. तिच्या बापाने ही विद्या दोन्ही मुलग्यांना दिली, तिला नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

हिवाळाभर चिल्को तिच्या एका लांब शिळेसरशी जमिनीला चिकटायचा. हंगाम सुरू झाला आणि तो आपोआप सासऱ्यांकडे गेला. अबेलार्दो जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेले. गुडघे गेले तेव्हा मुलाकडे येऊन राहिले होते. एका संध्याकाळी निल्दा घरी आली ती तशीच मागच्या अंगणात गेली. तिने शीळ घातली. बाकड्याखालून चिल्को उठला, आधी त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे आला.

"ऐकतो की तुझं," अबेलार्दो म्हणाले. "फक्त आधी मला विचारून."

"सासरेबुवा, हाडं घालून घालून फितवलंत तुम्ही त्याला!"

"फितवायचं कशाला? मी घरी असतो, पोरी. बस्स."

आतून तिच्या नवऱ्याने, रूबेनने, हाक मारली. तो बेकरीत कामाला होता. त्यालाही पहाटे उठावं लागायचं. "निल्दा, सूप गार झालं! दुसऱ्यांदा तापवणार नाही हां."

ती उभ्याउभ्याच जेवायला लागली.

"बस की जरा," रूबेन म्हणाला. "घरात आलीस तरी गाडीच चालवत असतेस."

त्या रात्रीपासून तिने ठरवलं, निदान शीळ तरी मोडू द्यायची नाही. पर्यटक डोंगरावर गेले की पार्कातल्या गाड्यांच्या तळावर ती येरझाऱ्या घालत शिळा घालू लागली. डावीकडे, उजवीकडे, थांब, पुढे. एकदा एक बाई दुर्बीण लावून बराच वेळ ती शीळ घालणारा पक्षी शोधत होती. नेमेसिओ नावाचा दुसरा ड्रायव्हर रोज चिडवायचा.

"अगं, एक दिवस तरी कुत्रं आण! रोज नुसता वारा वळतेस."

"कुत्र्यांना पार्कात मनाई आहे. गाढवांना नाही, म्हणून तू आहेस इथं."

पण त्याचं बोलणं तिला झोंबायचं. इथं असली की अंगण दिसायचं आणि अंगणात असली की उद्याच्या गाडीतलं डिझेल.

मेळा रविवारी होता. "भर जानेवारीत रजा?" व्हॅनची मालकीण मिरेया ओरडलीच. "चारला स्टँडवर बारा माणसं उतरतायत. तोवर ये, नाहीतर येऊच नकोस."

कुरणावर तिचा नंबर लागता लागता तीन वाजले. वारा असा की टोपी धरून उभं राहावं लागत होतं. चिल्को सुटला, सुंदर वळसा घेऊन मेंढ्यांच्या मागे गेला आणि अर्ध्या वाटेवर थबकला. निल्दाची शीळ वाऱ्याने उडवून नेली होती. त्याने मान वळवली ती कुंपणाकडे. तिथं अबेलार्दो उभे होते.

म्हाताऱ्याने कुत्र्याकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हात खिशात घालून पाठ फिरवली आणि डोंगर बघत राहिला.

चिल्को गोंधळून जागच्या जागी फिरला. निल्दाने छाती भरून पुन्हा शीळ घातली. या वेळी त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि निघाला. चार मेंढ्या कोंडवाड्यात गेल्या. पाचवी दारातून निसटली, आणि तेवढ्यात वेळ संपली. बक्षीस कुणा दुसऱ्यालाच मिळालं. निल्दा मटणाच्या पंगतीला न थांबता गाडीकडे धावली. चारला ती स्टँडवर बारा माणसांना नमस्कार-चमत्कार करत होती.

घरी येताच तिने सासऱ्यांना गाठलं. "पाठ का फिरवलीत?"

"माझं तोंड दिसलं असतं तर आला असता माझ्याकडे."

"मग?"

"मग काय? कुत्रं तुझं आहे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला वाईट वाटलं, ते निराळं."

निल्दाने किटली ठेवली, त्यांच्यासाठी माते, तो कडवट हिरवा चहा, केला आणि पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसली.

आठवड्याने ती मिरेयाकडे गेली. पार्काची फेरी नको, जवळच्या कुरणावर मेंढ्यांची लोकर कातरताना बघायला नेतात ती अर्ध्या दिवसाची दे, म्हणाली. तिथं कुत्रंही नेता येतं.

"डोंगराची फेरी नेमेसिओला देते मग," मिरेया म्हणाली. "उद्या परत मागू नकोस. लोक ती मिळावी म्हणून वर्षं वर्षं थांबतात."

"माहितेय. मीही थांबले होते."

नव्या फेरीत बक्षिसी कमी आणि पर्यटक म्हातारे. पण तिसऱ्या दिवशी लोकर कातरणाऱ्यांनी तिला सात मेंढ्या दिल्या, आणि चिल्कोने त्या वाऱ्यातच तिच्या शिळेवर आत घातल्या. म्हाताऱ्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. निल्दा लाजली.

तरी सवय जात नाही. सोमवारी सुट्टी असूनही साडेपाचला तिला जाग आली. नेमेसिओची व्हॅन कोपऱ्यावरून वळली, डोंगराकडे गेली. ती आवाज विरेपर्यंत ऐकत पडून राहिली. मग उठली, चूल पेटवली, ती चांगली धगधगत असताना उगाच पुन्हा सारखी केली. रूबेन बेकरीत गेला होता, सासरे झोपले होते. आता काय करायचं ते तिला कळेना. अंगणाचं दार उघडलं तर चिल्को उंबऱ्यावरच, कान टवकारून.

"थांब रे," ती त्याला म्हणाली, "बूट तरी घालू दे."