गच्चीवरून खळ्यापर्यंत पोचणारी लेन्स

सत्तर-दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी ती लेन्स माझ्याकडे येऊन आता दहा-बारा वर्षं झाली. पाण्याने काठोकाठ भरलेल्या तांब्याएवढी ती जड आहे. झूमच्या रिंगवरचं रबर सैल पडलंय, तोंडावरच्या हूडचा एक टवका उडालाय. नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात तिथे एकदा फोटो काढायला गेले, तेव्हापासून रिंग फिरवताना ती किंचित करकरते. मी दोन दिवस शिंकले आणि बरी झाले, ती अजून करकरतेय. पण एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही दगा दिला नाही, आणि हे मी घरातल्या सगळ्यांबद्दल सांगू शकत नाही.

ती आली माझ्या सासऱ्यांच्या एका अटीमुळे.

आमचं घर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचं, केळी-पपई-ऊस करणारं. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पुष्कळ घरांतून ती आता गेलीय. आमच्या घरातून गेली नव्हती, कारण जाऊ दे असं कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांना मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना म्हणत, ‘तिले सांगी दे.’ मी दोन हातांवर उभी असले तरी हेच. आणि सासूबाई घरात नसल्या की ते म्हशीला सांगत. आमचं खळं घरासमोर, रस्त्यापलीकडे आहे आणि तिथे निंबाखाली म्हैस बांधलेली असते. आबा तिच्याकडे तोंड करून मोठ्यानं विचारत, ‘काय व, चहा शे का नही?’ मी आत आधण ठेवायचे. म्हैस बिचारी रवंथ करत राहायची.

माझ्या वडिलांचा तळोद्याला स्टुडिओ होता, त्यामुळे मी कॅमेऱ्यातच वाढले. लग्नानंतर गावातल्या बायकांनीच मला कामाला लावलं. हळदीचे फोटो काढायला बाई असली की त्या मोकळ्या बसतात. मग अख्ख्या लग्नाची कामं येऊ लागली. नवरा लोणखेड्याच्या कॉलेजात नोकरीला, त्याची काही हरकत नव्हती. आबांचा निरोप मात्र आला, सासूबाईंच्या तोंडून: ‘काम कर. पन मांडवमा लोकेस्ना पुढे पुढे करानं नही.’

लग्नाचा फोटोग्राफर आणि पुढे जायचं नाही! स्वयंपाक कर पण चुलीजवळ जाऊ नको, असलाच हा प्रकार. त्या आठवड्यात घरातली भांडी जरा जोरातच वाजली. शेवटी नवऱ्याने एक सुट्टी खर्ची घातली, सुरत गाठली आणि एका फोटोग्राफरने वापरलेली ही लेन्स घेऊन आला. म्हणाला, ‘घे. आता मागे उभी राहा आणि पुढचं काढ.’

लोणखेड्याच्या एका हॉलमध्ये मी ती पहिल्यांदा लावली. संध्याकाळचं लग्न होतं आणि उजेड पिवळा, मरतुकडा. मी मागे, बायकांच्या घोळक्यात उभी. रिंग फिरवली आणि स्टेजवरची नवरीची आई एकदम माझ्यासमोर आली. मंगलाष्टकं चालू असताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती आणि हाताने पदराचं टोक चुरगळत होती. तिच्या मागचा लाल-हिरवा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं पिंप, सगळं दुधात कालवल्यासारखं मऊ झालं होतं. साध्या लेन्सला झूम केलं की उजेड कमी पडतो, हिला पडत नाही. त्यामुळे फ्लॅश लागत नाही. फ्लॅश चमकला की आमच्याकडचा माणूस तलाठ्यासमोर उभा असल्यासारखा ताठ होतो. बाकीचे फोटोग्राफर पुढे धक्काबुक्की करत होते आणि त्यांच्या कॅमेऱ्यात सगळी ताठ माणसं जात होती. माझ्या कॅमेऱ्यात माणसं होती तशीच आली. इष्टापत्ती म्हणतात ती हीच. अट घातली आबांनी आणि नाव झालं माझं.

तिचा दोष म्हणाल तर एकच. चार-पाच फुटांच्या आतलं तिला दिसत नाही. मांडीवर बाळ घेऊन कुणी म्हणालं, ‘इथूनच काढ ना,’ तर मला उठून मागे जावं लागतं, नाहीतर ती नुसती घरघर करते आणि काही धरत नाही. पण याला दोष तरी कसा म्हणू? तिचा तो स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नसतं.

एकदा लेन्स पुसून, नीट चालतेय ना बघायला, सकाळी गच्चीवर गेले आणि सहज खळ्याकडे रोखली. आबा म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. आणि बोलत होते. हात हलवत, मान डोलवत, मधेच थांबून, जणू म्हशीचं म्हणणं ऐकून घेत. घरात ज्यांचे शब्द हिंगासारखे चिमूटचिमूट पडायचे, ते आबा! मग ते हसले. आबांना पुढचा एक दात नाही, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दोनशे मिलिमीटरवरून कळलं.

त्या दिवसापासून मी गच्चीवरून त्यांचे फोटो काढत गेले. म्हशीशी गप्पा मारताना, टोपी काढून डोकं खाजवताना, पपईचं पहिलं फळ हातात तोलताना. त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीवर तीळ आहे, हसताना डावा डोळा जास्त मिटतो. माझ्या सख्ख्या वडिलांचा चेहरा मी इतका बघितला नसेल. आणि खरं सांगते, मला त्या म्हशीचा हेवा वाटायचा. मला आबांकडून कौतुक नको होतं. एक वाक्य हवं होतं, मधे कुणीही नसलेलं. म्हशीला जे रोज मिळत होतं, ते मला एकदा हवं होतं.

ते फोटो मी फक्त सासूबाईंना दाखवले होते. त्या पदराआड पोट धरून हसल्या आणि ते स्वतःपाशीच ठेवलं.

मागच्या वर्षी गावातल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीने जुन्या चेअरमनांचे फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं. आबा त्यातले एक. शहाद्याहून एक फोटोग्राफर बोलावला. घरात मी असताना! पण समोरासमोर बसून सुनेकडून फोटो कसा काढून घेणार, असा तो पेच होता. फोटो आला. त्यात आबा जिवंत आहेत, एवढंच कळत होतं. आबांनी तो हातात धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘हाऊ कोन शे?’

सासूबाईंच्या तोंडून निसटलं, ‘इतला चांगला फोटो शेतस ना तुमना, सूनकडे!’

चोरून काढलेले फोटो ते. आबांनी नुसतं ‘बंद करी टाक’ म्हटलं असतं तरी माझा कॅमेरा कपाटात गेला असता, कारण आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे माझ्या नवऱ्याचाही शब्द चालत नाही. मी लॅपटॉप उघडून खाटेवर ठेवला आणि दाराआड जाऊन उभी राहिले. आबा एकेक फोटो बघत होते. सासूबाई बटण दाबत होत्या.

‘म्हैस चांगली उनी,’ आबा म्हणाले. चांगली आली ती म्हैस, स्वतःबद्दल अक्षर नाही.

मग थोड्या वेळाने, ‘कोठून काढं?’

‘गच्चीवरथून,’ सासूबाई म्हणाल्या.

आबा उठून अंगणात गेले. कपाळावर हात धरून गच्चीकडे बघितलं, मग वळून खळ्याकडे बघितलं, पुन्हा गच्चीकडे. तेवढं अंतर डोळ्यांनी मोजून ते शेतात निघून गेले. रागावले की नाही, हे मला रात्रीपर्यंत कळलं नाही.

सकाळी निरोप आला, ‘तिले सांगी दे, मी बसेल शे.’

अंगणात खुर्ची टाकून, धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घालून आबा बसले होते. मी पदर सावरून तीच लांब लेन्स घेऊन गेले. सवय म्हणा, भीती म्हणा. त्यांच्याकडे तिच्याशिवाय बघायचं मला माहीतच नव्हतं. अंगण लहान, म्हणून मी दोन पावलं मागे गेले. आबांना वाटलं, फोटो स्वच्छ यायचा तर कॅमेऱ्याजवळ बसायला हवं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. लेन्स घरघरली. मी आणखी मागे गेले. त्यांनी आणखी पुढे ओढली. होता होता माझी पाठ पाण्याच्या टाकीला लागली.

‘कितली मागे जाशी व माय?’

मी आजूबाजूला बघितलं. सासूबाई आत होत्या. म्हैस रस्त्यापलीकडे. आम्हा दोघांच्या मधे कुणीच नव्हतं.

‘आबा,’ मी म्हटलं, ‘ह्या लेन्समा जवळनं दखास नही.’

‘मंग ती काढ, दुसरी लाव.’

एवढं सरळ होतं ते. मी टाकीवर कॅमेरा टेकवून लेन्स काढली. हजारदा केलेलं काम, पण झाकण हातातून दोनदा पडलं. लहान लेन्स लावली आणि जवळ गेले. लहान लेन्सला जवळ जावंच लागतं. तंबाखूचा आणि भिजवलेल्या पेंडीचा वास आला. इतकी वर्षं मी हा चेहरा पाठ केला होता, पण दोनशे मिलिमीटरमधून वास येत नाही. तरी एक कबूल करते, ती लांब लेन्स नसती तर त्या चेहऱ्यासमोर उभं राहायचा धीर मला झाला नसता. अनोळखी सासऱ्याच्या इतक्या जवळ मी गेलेच नसते. हा माणूस माझ्या ओळखीचा होता.

‘हासा ना आबा,’ मी म्हटलं. म्हशीचं नाव काढलं, तेव्हा ते हसले.

त्या फोटोत आबांचं नाक जरा मोठं आलंय, लहान लेन्समध्ये येतंच. पडलेला दात दिसतो. सोसायटीतले लोक म्हणाले, चेअरमननं असं हसू नये, दुसरा द्या. आबा म्हणाले, ‘मन्ही सूननी काढेल शे. तोच लागी.’ तोच लागलाय.

लांब लेन्स अजून माझ्या खांद्यावर आहे आणि प्रत्येक मांडवात मागे उभी राहून मला पुढचं दाखवते. परवाच्या सकाळी मी ती पुसत बसले होते. खळ्यातून आवाज आला, ‘काय व, चहा शे का नही?’ मी सवयीने उठले, आधण ठेवलं आणि खिडकीतून बघितलं. आबांची पाठ म्हशीकडे होती.