सतरा किलोमीटर चारशे मीटरवरचा दगड

नागोजी राव माझे घरमालक; मी त्यांना आजोबा म्हणते. वेस्ट मांबलमला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. वय ब्याऐंशी, तंजावरकडचे मराठी. "बैस गे, कापी घे," असं बोलायचे. आणि मी, सांगलीची शहाणी, गिंडीच्या ऑफिसात त्यांची नक्कल करून पुण्याच्या पोरांना हसवायची. लाज वाटायला सुरुवात इथूनच करते.

चेंगलपट्टूच्या पुढे भातखाचरांतून समुद्राकडे जाणारा एक राज्य महामार्ग आहे. त्यावर या माणसानं चौतीस वर्षं देखरेख केली. खडी गेली, डांबर आलं, कडेच्या चिंचांवर नंबर पडले, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. तोच रस्ता रुंद करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. रस्त्याचा इतिहास लिहायचा आणि कडेचं काय काय हलवून वाचवायचं त्याची यादी करायची, हे माझ्याकडे. आजोबांनी आपली जुनी वही काढून दिली. मला तर घबाडच सापडलं!

वहीत एकच नोंद लाल शाईत होती: १७/४, सुमैदांगी. म्हणजे दोन उभे दगड आणि वर एक आडवा, खांद्याइतका उंच. वाटसरूनं डोक्यावरचं ओझं त्यावर टेकवावं, दम खावा, आणि कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा उचलावं. पोटुशी बाई गेली तर तिच्या नावानं असा दगड बसवतात, तिचंही ओझं उतरावं म्हणून. हा अंबुजाचा, आजोबांच्या बायकोचा. आठवा महिना होता. बैलगाडीनं दवाखान्यात नेताना वाटेत मोरी खोदून ठेवलेली, गाडी अडली, ती तिथंच गेली. मोरी आजोबांनीच खोदायला लावली होती.

"एवढा एक दगड यादींत घाल गे," ते म्हणाले. "नव्या कडेला बसला कीं मी मोकळा. आणि बघ, ते आंकडे आहेत ना, ते—"

"अहो आजोबा, मला आकडे कळतात!" मी वही उचलून जिना चढलेसुद्धा.

सतरा किलोमीटर चारशे मीटरवर गाडी थांबवली. उतरायचाही कंटाळा केला. चिंच, शेताचा बांध, बाकी काही नाही. यादीत लिहिलं: अस्तित्वात नाही. घरी येऊन त्यांना विचारायला काय झालं होतं? अठरा पायऱ्या उतरायच्या होत्या फक्त. पण विचारलं तर शहाणपणा कमी होतो ना!

चार महिन्यांनी अंबुजाची तिथी आली. दरवर्षी ते बसनं जात. या वर्षी म्हटलं, चला, मी नेते. पंधरा किलोमीटरचा दगड मागे पडला तसे म्हणाले, "थांब गे, आलेंच."

"अजून दोन किलोमीटर आहेत, आजोबा."

"बायपास झाला तेव्हां मोजणीचें शून्य दोन किलोमीटर पुढें सरकवलें. वहींत जुन्या शून्याचे आंकडे."

मी ब्रेक दाबला.

उतरलो. तिथं रुंदीकरणाच्या मातीचा ताजा भराव होता, त्यावर रोलर फिरलेला. आडव्या दगडाचा हातभर तुकडा मातीतून वर आला होता. दरवर्षी नारळाची पिशवी ते आधी त्या दगडावर टेकवत आणि मग हात जोडत. आता पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. मी घ्यायला गेले तर म्हणाले, "राहूं दे."

हात जोडताच आले नाहीत त्यांना. परतताना पिशवी मांडीवरच होती.

तांबरम आलं तसे हळूच म्हणाले, "माझीच चूक गे. शून्य सरकलें, तें तुला सांगायला विसरलों. वय झालें."

विसरले नव्हते. सांगत होते, मीच तोंडातलं वाक्य तोडलं होतं. हे त्यांना सांगायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणाले, "असू दे, आजोबा."