मागून घंटी वाजली की

मी निघाले त्या सकाळी बाबांनी माझी बॅग सायकलच्या कॅरिअरला चिकूची पेटी बांधावी तशी करकचून बांधली आणि सरावलीहून डहाणू रोड स्टेशनपर्यंत सायकल हातात धरून चालत आले. रिक्षा करू म्हटलं, तर म्हणाले, "विमानात बसायचंच आहे, आता तरी चाल." ओळखीचं कुणी पुढे दिसलं की ते घंटी वाजवत. माणूस थांबे, वळे, "कुठं चालली पोरगी?" विचारी. आपल्याकडे घंटी म्हणजे हाकच.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना माहीत आहे, इथे नेदरलँड्समध्ये घंटी म्हणजे बाजूला व्हा. लाल रंगाची वाट फक्त सायकलींची. मोबाइलमध्ये डोकं घालून तिच्यावर उतरणाऱ्या पाहुण्यांवर मीही आता घंटी वाजवते आणि मनातल्या मनात चार शब्द सुनावते.

बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचले नाही. दिवसकार्य झाल्यावर आईला सोबत इथे घेऊन आले. तिने इथेच राहावं, वाडी कुणाला तरी कसायला द्यावी, असा माझा हट्ट होता. चिकूच्या झाडांत ती एकटी, ही कल्पनाच मला झोपू देत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी माझी सायकल हातात धरून आम्ही चालत बाजाराला निघालो. फुटपाथच्या विटा टोचतात म्हणून आई गुळगुळीत लाल वाटेवर उतरली. मागून घंटी वाजली. आई थांबली, वळली आणि हसली. सायकलवाला कसाबसा वळसा घालून गेला. पुन्हा घंटी, पुन्हा आई वाटेच्या मधोमध उभी! मी ओढतेय, ती हलेना. शेवटी पिकल्या केसांच्या एका बाईंनी कचकन ब्रेक लावला आणि काहीतरी सुनावलं.

"एवढ्या घाईनं कुठं निघालात हो बाय?" आईने विचारलं.

मी ओशाळून भाषांतर केलं. बाई गोंधळल्या, मग चक्क म्हणाल्या, नातीला शाळेतून आणायला.

"मग जा, जा! पोर वाट बघत असंल." आई बाजूला झाली आणि मागच्या सगळ्या सायकलींना हाताने वाट करून देऊ लागली. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले.

परतताना तिला कॅरिअरवर बसवलं. एका हाताने माझी कंबर धरून ती ओरडत होती, "बाजू, बाजू! ओ भाऊ, त्या मोबाइलमधून बाहेर या!" लोक दचकून वळत, काही हात हलवत. "जोरात घे गो!" आई म्हणाली. मी घेतली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही.

संध्याकाळी चहा पिताना ती शांतपणे म्हणाली, "मी परत जाते, बाय."

"तिथे एकटी?"

"एकटी कुठं? सकाळी घरासमोरनं कुणी ना कुणी घंटी वाजवत जातो. मी ओट्यावर दिसले नाय, तर उतरून आत बघायला येतो. इथं तू कामावर गेलीस की माझ्यासाठी कोण उतरणार? आणि तुझ्यासाठी तरी कोण उतरतं गो?"

मी लॅपटॉप उघडला. तिचं तिकीट काढलं.

घर म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. आता मला एवढंच वाटतं, आपण दिसलो नाही तर जिथे कुणीतरी सायकलवरून उतरतं, ते घर. आईला विमानतळावर सोडून आले आणि जिन्यात थांबले. समोरच्या शेजाऱ्यांच्या दारावरची नावाची पाटी इतकी वर्षं नुसती वाचत आले होते. आज तिथली बेल वाजवली. दार उघडलं, तेव्हा माझं नाव सांगितलं आणि चहाला या म्हटलं.