एकडोळ्या मिस्त्रीची पट्टी

मिस्त्रीचे दोन्ही डोळे ठणठणीत होते, तरी सगळे त्याला एकडोळ्या म्हणत. का, तर फळी हातात आली की हा एक डोळा मिटणार आणि दुसऱ्याने तिच्या कडेवरून नेम धरल्यासारखा बघणार. फळीकडेच बघितलं असतं तर एक वेळ चाललं असतं हो, पण हा बाबा माणसांकडेही तसाच बघायचा! लाकूडवाल्याला तोंडावर सांगायचा, "लांबी-रुंदी कुणीही मोजतं, तुम्ही लोक जाडीत गंडवता." बायकोने चहात चमचाभर साखर जास्त घातली तरी याच्या मनात पाल चुकचुकायची, की आज हिला काय हवंय?

विश्वास एकाच वस्तूवर होता. वडिलांच्या हातची, कमरेइतकी लांब लाकडी पट्टी. ती कडेवर उभी करून फळीवर आडवी-तिरपी कशीही ठेवायची. खालून उजेड दिसला की फळी सपाट नाही. कडेला लावायची, फट दिसली की कड सरळ नाही. "माणूस खोटं बोलेल, पट्टी बोलणार नाही," असं तो म्हणायचा.

दुकानात धाकटा भाऊ त्याच्या जोडीला होता. हल्ली मिस्त्री दुपारी घरून जेवून परतला की टेबलाखाली लाकडाची ताजी सालपटं दिसायची. धाकट्याला विचारावं तर म्हणे, "सकाळचीच असतील, दादा." सकाळची? सकाळी तर मिस्त्रीने स्वतः झाडू मारला होता!

"चोरून बाहेरची कामं करतोय तो," मिस्त्री बायकोला म्हणाला.

"अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा."

"सख्खे भाऊ, पक्के वैरी!"

दुसऱ्या दिवशी तो जेवायला म्हणून निघाला आणि अर्ध्या वाटेतून मागे फिरला. दाराच्या फटीला डोळा लावला. आत धाकटा रंधा मारत होता, आणि कशावर? मिस्त्रीने सकाळीच पुरं केलेल्या दोन फळ्यांच्या दाराच्या एका फळीवर!

मिस्त्री ताडकन आत घुसला. "अच्छा! माझ्या कामात खोट घालायची, गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडणार, मग दुकान आपसूक तुझं! काय?" धाकट्याने तोंड उघडायच्या आतच त्याने खडूची दोरी ताणली आणि जमिनीवर फटकन रेघ उमटवली. "तिकडचं तुझं, इकडचं माझं. उद्या इथे भिंत!"

धाकट्याने रंधा खाली ठेवला. "घाल भिंत. पण आधी ती पट्टी दे."

त्याने एका फळीवर दूरदूर दोन टिंबं काढली, पट्टी लावली, पेन्सिलने रेघ ओढली. मग पट्टी पलटून रेघेच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि तीच कड त्याच दोन टिंबांना लावून पुन्हा रेघ ओढली.

मिस्त्रीने सवयीने एक डोळा मिटला. मग तो उघडला. दोन्ही रेघा टोकांना भेटत होत्या. मध्ये मात्र बोट जाईल एवढी जागा होती.

"टिंबं दोनच आहेत, दादा. सरळ रेघ एकच यायला हवी ना? छप्पर गळलं तेव्हा ही भिजली, तेव्हापासून वाकलीय. तू हिच्याबरहुकूम कडा करतोस, मग दाराच्या दोन फळ्या मध्ये टेकतात आणि वर-खाली फट राहते. तू जेवायला गेलास की मी त्या नीट करतो."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"बाबांची पट्टी वाकडी आहे म्हटलं असतं, तर तू कुणाला वाकडं म्हणाला असतास?"

उत्तर मिस्त्रीला पाठ होतं. उभ्या जगावर संशय घेतला, पण ही पट्टी काही त्याने कधी उलटी करून बघितली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसून तो तळहाताने जमिनीवरची रेघ पुसू लागला.

"नवी पट्टी तूच कर," तो म्हणाला. "पण मी पलटून बघणार हं."

"बघ ना, रोज बघ," धाकटा म्हणाला. "पट्टीकडे खुशाल एका डोळ्याने बघ. माझ्याकडे तेवढं दोन्हींनी बघत जा."