पाटावर बसून मोजलेला प्लग

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर ओढून मी गॅरेजमध्ये लाकूड कापायचं मशीन लावलं. मशीन सुरू झालं, फळीवर पातं टेकलं, आणि घरातली वीज गेली. मला वाटलं, लोडशेडिंग. शेजारी पंखा फिरताना दिसला, तेव्हा जरा शंका आली.

तेवढ्यात सौभाग्यवती गॅरेजच्या शटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत पिठात.

"अहो, काय केलंत?"

"मी कुठे काय? आपोआप गेली."

त्याच प्लगवर तिची घरघंटी चालू होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिवाळी तोंडावर आली की आमची ही चकलीची भाजणी करून देते. शिरगावातल्या निम्म्या चकल्या तिच्या भाजणीच्या असतात, असं ती म्हणत नाही, मी म्हणतो. घंटी मधेच बंद पडली की आत भाजणी ठासून बसते आणि सगळी खरवडून काढल्याशिवाय पुन्हा फिरत नाही. ती खरवडायचं काम त्या दिवशी मलाच मिळालं. वर तिनं निकालही दिला.

"गॅरेजला मीटरपासून वेगळी लाईन घ्या. येत्या रविवारपर्यंत जमलं नाही, तर गॅरेज माझं. घंटी तिकडे नेईन, म्हणजे भांडणच नको."

आता हे गॅरेज म्हणजे माझं स्वप्न. गाडी विकली तीच मुळी ते रिकामं व्हावं म्हणून, असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात खरेदी खात्यात आयुष्य काढलं. केबलचे ड्रमचे ड्रम मागवले, पण स्वतःच्या हातानं एक प्लग कधी जोडला नाही. तरीही केबल ओळखीची आहे म्हटल्यावर वायरिंग आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

मी खडू घेतला. जमिनीवर मशीनं आखली: इथे कापायचं, इथे भोकं पाडायची, इथे पॉलिश. भिंतीवर पॉइंट काढले. मोबाईलवर बघतो त्या व्हिडिओंत सगळे गोरे लोक उंच टेबलाशी उभे राहून काम करतात आणि प्लग त्यांच्या कोपराच्या उंचीवर असतात. मीही तसेच काढले. मग सामान आणायला उल्हासनगर गाठलं. सिंधी दुकानदारानं माझा आराखडा उलटा धरला, सुलटा केला आणि विचारलं, "साईं, फॅक्टरी डाल रहे हो क्या?" मी मान डोलावली. मला ते कौतुक वाटलं होतं.

शनिवारी चिखलोलीहून इलेक्ट्रिशियन आला. एका कानाला फोन, दुसरा कान आमच्याकडे. "काका, टेन्शन नाय. जाड वायर टाकू, अर्थिंग करू, तुमचं वेगळं एमसीबी, म्हणजे खटका. तुमचं मशीन जास्त लोड घेईल तर तुमचंच बंद पडेल, काकूंची घंटी चालूच. फक्त बोला, भिंत कुठे फोडू?"

"हे काय, खडूनं काढलंय ना."

"थांब रे," ही मागून म्हणाली. "भिंत फोडायच्या आधी यांना एकदा काम करून दाखवू दे. ओट्यावरचा मिक्सरचा प्लग यांनीच ठरवला होता. तो आता फ्रिजच्या मागे आहे."

मी एक फळी घेतली आणि नसलेल्या टेबलाशी उभं राहून नसलेलं मशीन चालवू लागलो. तोंडानं 'घर्रर्र' असा आवाजही काढला; तो काढायची गरज नव्हती. दोन मिनिटांत कंबर भरून आली. मग मला कळायच्या आत मी खाली फतकल मारली, फळीचं एक टोक तळपायांत दाबून धरलं आणि जोरात कामाला लागलो. कोकणात आमचे बाबा दरवाजे तासायचे ते असेच. भोक पाडायची वेळ आली तेव्हा ड्रिल हातात आणि खडूनं काढलेला प्लग पार डोक्याच्या वर. बसल्या बसल्या हात ताणला, तरी पोचेना.

इलेक्ट्रिशियननं फोन ठेवून दिला. बहुतेक हसायला दोन्ही हात हवे होते.

"अहो, कुंड्या रंगवता खाली बसून, सायकल उघडता खाली बसून, पंखा पुसायला काढला तरी जमिनीवर मांडून बसता," ही म्हणाली. "उभं राहून तुम्ही आजवर काय केलंय?"

"मग अगदी खाली घेऊ, जमिनीलगत."

"आणि मी गॅरेज धुवायला बादली ओतली की?"

हे खरं होतं. शेवटी तिनं आतून देवघरातला पाट आणला. मी त्यावर मांडी घालून बसलो, हात जेवढा सहज पोचेल तेवढा वर केला, आणि इलेक्ट्रिशियननं पंजापाशी पेन्सिलीची खूण केली. मग पाट पुढे सरकवायचा, मी पुन्हा बसायचं, पुन्हा हात वर. अशी भिंतीभोवती माझी प्रदक्षिणा चालली होती, तेव्हा समोरच्या वहिनी शटरपाशी थबकल्या.

"काय हो, आज पूजा आहे का?"

"हो," ही म्हणाली. "यांचीच. दर्शन घ्या."

मी वर केलेल्या हातानं त्यांना आशीर्वाद दिला. दुसरं करणार काय?

रविवारी संध्याकाळी खटका दाबायची वेळ आली. घरात घंटी सुरू झाली. मी पाटावर बसून सहज हात वर केला, प्लग लावला आणि जीव मुठीत धरून पातं फळीवर टेकवलं. फळी कापली जात होती आणि आतून घंटीची घरघर जराही न अडखळता येत होती. पुरी फळी कापून होईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

गॅरेज वाचलं होतं. विजयाच्या भरात मी उदार झालो. ही बघायला आली तेव्हा कोपऱ्यातला जादा पॉइंट दाखवून म्हणालो, "हा तुझ्यासाठी ठेवलाय. कधी वाटलं तर घंटी इकडे आण, मला चालेल."

तिनं पॉइंटकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"नको. इथे आणली तर तुम्ही ती उघडून बघाल."