आधी फ्रीव्हील, मग स्पोक

आमचे हे सायकलचे मिस्त्री. जुन्या सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, निघेना झालं की आसपासचे मिस्त्रीसुद्धा चाक घेऊन ह्यांच्याकडे येतात. पायडल मारत जावं तसं ते चाकाच्या मधल्या हबवर आणखी घट्ट बसतं. चाळीस वर्षांचं असलं तर जाम हलत नाही. हातोडा उचलणाऱ्याला हे दुकानाबाहेर काढतात. नव्या माणसाला एकच मंत्र: आधी फ्रीव्हील, मग स्पोक. स्पोक आधी कापले तर हब फिरवायला धरायचं काय? मी हे इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन.

त्या मंगळवारी जेवायला बोलवायला गेले, तर हे स्टुलावर बसलेले. जमिनीवर कापलेल्या स्पोकांचा सडा, हातात शाळेच्या मास्तरांनी रिंग बदलायला दिलेल्या, त्यांच्या वडिलांच्या सायकलचा हब, आणि त्यावर फ्रीव्हील जसंच्या तसं.

"मला कळलंच नाही गं," हे म्हणाले. "हात आपला चालत राहिला."

एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी मला किल्ली आठवली. महिन्याभरात दोनदा हे दुकानाची किल्ली कुलपातच विसरून आले होते. असला हब आता मिळत नाही. तो वाया गेला असता, तर ह्यांनी दुकान कायमचं बंद केलं असतं.

"डोक्याला हात लावून काय होणार? पुन्हा चाक बांधा," मी म्हटलं.

भंगारातली रिंग काढली. मी एकेक स्पोक हातात देत गेले, ह्यांनी छत्तीसच्या छत्तीस बांधले, निव्वळ फ्रीव्हील खोलण्यापुरते. मग दोन दात्यांची चावी फ्रीव्हीलच्या खाचांत बसवली, सटकू नये म्हणून वरून नट आवळला, चावी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात पकडली आणि दोघांनी दोन बाजूंनी रिंग फिरवली. हलेना. तेल सोडून संध्याकाळपर्यंत थांबलो. पुन्हा जोर लावला, तेव्हा कडकन आवाज झाला आणि फ्रीव्हील सुटलं. बाहेर येताना ते नटाला अडत होतं, तरी हे तसेच फिरवत निघाले.

"अहो, नट! आधी सैल करा, आटे जातील!"

हे थांबले. मग नट सैल केला, आणि फ्रीव्हील हातानेच निघून आलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी बजावलं होतं. पण ह्यांनी पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, "यापुढे काम घेईन मास्तर, पण ही शेजारी असेल तरच. आता मला एकट्याला जमणार नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात 'तू हवीस' असं हा माणूस कधी बोलला नव्हता. बोलला तो गिऱ्हाईकासमोर. मला रडूच आलं, आणि रागही आला, की हेच घरात सांगायला काय झालं होतं!