जिभेने पाणी तपासणारे सर

पाण्याचा पेला हातात आला की सर आधी डोळे मिटायचे. मग एक घोट या गालातून त्या गालात फिरवायचे आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत याची खात्री झाल्यावर गिळायचे. "तुमकूरकडचं. लोह आहे थोडं," असा निकाल लागायचा. तोवर मल्लेश्वरमच्या आमच्या कचेरीत कोणी कॉफीच्या कपालाही हात लावत नसे.

सर भूवैज्ञानिक, मूळचे नागपूरचे. नव्वदच्या दशकात आमच्या सरकारी कचेरीत बोअरच्या जागा दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि पाणी तपासायचं काम प्रयोगशाळेत माझ्याकडे. ही वाटणी त्यांना कधीच पटली नाही. "यंत्र बिघडते बाई, जीभ बिघडत नाही," असं ते डब्यातला मिरचीचा ठेचा खाता खाता म्हणायचे.

असे तज्ज्ञ तुम्हीही पाहिले असतील. कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगतात आणि कलिंगड पांढरं निघालं तरी यांचा चेहरा लाल होत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत सरांनी तीर्थसुद्धा गालातून फिरवून "बोअरचं आहे," असं जाहीर केलं होतं. भटजी दिवसभर त्यांच्यापासून लांब राहिले.

सरांचं सगळ्यात लाडकं पाणी एका खेड्यातलं. जुन्या सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यातलं कोरडं गाव. तिथे सरांनी जागा दाखवली, बोअर लागली, हातपंप बसला. गावासमोर पहिला पेला सरांनीच पिऊन दाखवला आणि "अमृत!" म्हणाले. गावाने हार घातला. पुढे दरवर्षी सर तिथे जायचे, एका अक्काच्या घरी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, खायचे आणि आम्हाला त्या पाण्याचं वर्णन ऐकवायचे. मुलीच्या लग्नाचंही इतकं वर्णन त्यांनी केलं नव्हतं.

मग आमच्याकडे नवं यंत्र आलं. सरांना ते सवतीसारखं वाटलं. एके दिवशी त्यांनी त्या गावच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आपटली. "घ्या. तुमच्या यंत्राची परीक्षा घेऊन राहिलो मी. यात काही वाईट निघालं तर समजा यंत्र भंगारात गेलं."

पाण्यात आर्सेनिक निघालं. जुनी माणसं ज्याला सोमल म्हणत तेच, आणि पिण्याच्या पाण्यात चालेल त्याहून कितीतरी जास्त. मी दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं.

"कसं शक्य आहे?" सर कडाडले. "कारखाना नाही, फवारणी नाही. नैसर्गिक पाणी आहे ते! निसर्ग कशाला विष घालंन?"

आपल्याकडे विष म्हटलं की घालणारा लागतो. सासू, भाऊबंद, नाहीतर कारखाना. पण हे बोलणारा माणूस भूवैज्ञानिक होता! जन्मभर दगड फोडून त्याला दगडाचा स्वभाव कळू नये, याचा मला मनापासून राग आला.

ज्या गावी बोअर लागेल तिथला एक दगड सर आठवण म्हणून खिडकीत आणून ठेवत. मी त्या गावचा दगड उचलला, त्यांचीच हातोडी घेतली आणि त्यांच्यासमोर घाव घातला. चंदेरी कण चमकले, ठिणगी उडाली आणि खोलीत लसणीचा वास पसरला.

हा वास आर्सेनिकचा, हे नव्या लोकांना सरच शिकवत. लोह, गंधक आणि आर्सेनिक एकत्र असलेलं हे खनिज सोन्याच्या पट्ट्यात असतंच. खडकाच्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरतं, खनिज हळूहळू झिजतं आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. पाण्यात उतरल्यावर मात्र त्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही.

सर खुर्चीत बसले. फुटलेल्या दगडाकडे बघत म्हणाले, "तिथल्या बायांच्या तळहातांवर कडक गाठी आहेत, सोमलानं होतात तशा. अक्काच्याही आहेत. मी म्हटलं, खुरप्यानं झाल्या असतील." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांची टिंगल करायची माझी सगळी हौस तिथेच संपली.

गावाला सांगायला आम्ही दोघं गेलो. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचं पाणी मी तपासलं होतं, ते चांगलं होतं; पण मचूळ आणि लांब. हातपंप दारात होता. अक्काने घागर कमरेवरून खाली ठेवली आणि विचारलं, "नीवे कुडिदिरल्ला, सर?" तुम्हीच पिऊन दाखवलंत ना?

यंत्राचं नाव सांगून सुटता आलं असतं. मी तेच सांगणार होते. पण सर आपल्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, "नन्न नालगे सुळ्ळु हेळितु, अक्का." माझी जीभ खोटं बोलली. मग त्यांनी सोबत आणलेल्या मिस्त्रीला पंपाचा दांडा काढायला लावला आणि दांडा जीपमध्ये टाकला. बायका ओरडत होत्या. त्या वर्षी सरांना होळिगे मिळाली नाही, नंतरही कधी मिळाली नाही.

सर निवृत्त झाले आणि पुढे आजारी पडले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा नुकतीच त्या गावाला जाऊन आले होते. त्यांनी पहिला प्रश्न गावाचाच विचारला.

"सर, बायका तुम्हाला फार शिव्या देतात," मी म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं? "डोक्यावर घागर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत तुमचा उद्धार चालू असतो. गोड पाणी दिलं आणि काढून नेलं म्हणतात."

"अक्कापण?"

"अक्का सगळ्यांत जास्त."

सर उशीवरून जरासे उठले. "रोज देतात?"

"रोज."

"म्हणजे रोज विहिरीवर जाऊन राहिल्या," ते म्हणाले आणि हसत पुन्हा आडवे झाले.